खालून ऐका: विंड बँडची मैफल कानात कशी उतरवायची

गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याने माझ्या कानातला एक इअरफोन ओढून स्वतःच्या कानात खुपसला, दीडेक मिनिट ऐकलं आणि विचारलं, "मावशी, यात गाणं कुठंय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे बँड म्हटला की वरात, वरात म्हटली की सिनेमाचं गाणं. बँड वाजतो आहे आणि गाणं ओळखीचं नाही, म्हणजे एक तर बँड वाईट किंवा आपण चुकीच्या लग्नात आलोय. सिम्फॉनिक विंड बँडसाठी खास मैफलीत वाजवायला लिहिलेल्या रचना पहिल्यांदा ऐकणाऱ्याची गाडी इथेच अडते. भाच्याला जे तुकड्यातुकड्यात सांगितलं, तेच इथे सलग लिहिते आहे. मी संगीताची शिक्षिका नाही. बँकेत नोकरी केली, बोरिवली-चर्चगेट प्रवासात ऐकत आले, आणि लहानपणी घरात एक युफोनियम होतं, एवढंच माझं भांडवल.

युफोनियम अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. दिवसा गिरणीत, संध्याकाळी लालबागच्या एका बँडमध्ये. हे पितळी वाद्य लहान मूल मांडीवर घेतल्यासारखं धरायचं असतं आणि आवाज असा की पोटात ऊब वाटावी. पण वरातीत गाणं मिळतं ते ट्रंपेटला आणि क्लॅरिनेटला. लोक नोटा ओवाळतात त्याही त्यांच्यावर. अण्णा मागच्या रांगेत. ८२ च्या संपात आमचं घर या मागच्या रांगेवर चाललं. मी एकदा विचारलं होतं, "तुमचा आवाज ऐकूच येत नाही, ओळखायचा कसा?" ते म्हणाले, "खालून ऐक. वरचं काय, आपोआप ऐकू येतं."

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. वरातीच्या बँडला आपण ब्रास बँड म्हणतो, पण त्यात क्लॅरिनेट असतो, सॅक्सोफोन असतो. इंग्लंडमध्ये ब्रास बँड म्हणजे फक्त पितळी वाद्यं आणि ताल. आपण बोलतोय तो तिसराच प्रकार: बासरी, ओबो, बसून, क्लॅरिनेटांचा मोठा जथा, सॅक्सोफोन, ट्रंपेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा आणि मागे तालवाद्यांचं अख्खं दुकान. चाळीस-पन्नास जण, कधी त्याहून जास्त, खुर्च्यांवर बसून, समोर छापील नोटेशन ठेवून वाजवतात. व्हायोलिन नाही. फार तर एखादा डबल बास. ऑर्केस्ट्रात जे काम व्हायोलिनं करतात, त्यातलं बरंचसं इथे क्लॅरिनेटांच्या गळ्यात पडतं.

व्हायोलिन वगळायची हौस जुनी आहे. १७४९ साली लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये तहाचा उत्सव होता, आतषबाजी होती आणि संगीत हँडेलचं. राजा दुसऱ्या जॉर्जला लष्करी थाट हवा होता, सारंगीवाले नकोत. मग चोवीस ओबो, बारा बसून, नऊ ट्रंपेट, नऊ हॉर्न आणि नगारे असा ताफा उभा राहिला. उघड्या मैदानात, शोभेच्या दारूच्या आवाजात, तारांची वाद्यं टिकली असती कशी? (मांडवाचा एक भाग त्या रात्री पेटला, ते वेगळं.) गणपतीच्या मिरवणुकीत सतार कोणी नेत नाही, त्यामागचं कारण तेच.

आता कामाला लागू.

पहिली गोष्ट: फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. हा शिष्टपणा नाही. फोनच्या इवल्या स्पीकरला खालचे स्वर झेपत नाहीत. ट्यूबा वाजतो आणि तुम्हाला नुसती त्याची सावली ऐकू येते. गाणं चालू करायचं, सुरुवातीचे काही क्षण काहीच घडत नाही, मग "बोअर आहे" म्हणून पुढे सरकवायचं, हे मी स्वतः केलेलं आहे. साधे, कानात नीट बसणारे इअरफोन पुरतात. घरात जुने मोठे स्पीकर असतील तर उत्तम. भावाकडे आहेत, म्हणून मी रविवारी त्याच्याकडे जाते. वहिनीचा समज आहे की मी तिच्या हातची कोलंबी खायला येते. तोही खोटा नाही.

दुसरी गोष्ट: सुरुवात गुस्ताव होल्स्ट या इंग्लिश संगीतकारापासून करा. मिलिटरी बँडसाठी त्याने १९०९ मध्ये लिहिलेला पहिला सुइट (काही भागांची मिळून एक रचना), ई फ्लॅट या स्वरातला. दहा-अकरा मिनिटांचा आहे, म्हणजे बोरिवलीहून निघालात तर कांदिवली-मालाड पार होईपर्यंत संपतो. त्या काळी बँडवाले बहुतेक करून ऑपेरातल्या नाहीतर ऑर्केस्ट्राच्या चिजा बँडपुरत्या बदलून वाजवायचे, शिवाय मार्च. होल्स्टने खास बँडसाठीच, बँडच्या आवाजातून सुचलेलं काहीतरी लिहिलं. त्याचा नोंदलेला पहिला मोठा कार्यक्रम १९२० चा, लंडनजवळच्या नेलर हॉल या लष्करी संगीतशाळेतला.

होल्स्ट हा माणूस आपल्याला परका नाही. पोट भरायला तो ट्रॉम्बोन वाजवत असे, म्हणजे मागच्या रांगेतलाच. आणि संस्कृत शिकून त्याने ऋग्वेदातल्या ऋचांना चाली लावल्या, सत्यवान-सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला, ज्यात पात्रं तीनच: सावित्री, सत्यवान आणि यम. वटपौर्णिमेला मी तो ऐकते. दोरा गुंडाळण्यापेक्षा बरं.

सुइटचा पहिला भाग शकॉन. नावाला घाबरू नका. तबल्याचं एकल वादन ऐकलंय ना? पेटीवाला एक लेहरा धरून बसतो, तोच तो, न कंटाळता, आणि त्याच्यावर तबलजी आपले कायदे, रेले मांडतो. शकॉन म्हणजे असाच लेहरा, फक्त तो सुरुवातीला तळातून येतो. होल्स्टने तो दिलाय कोणाला? ट्यूबा आणि युफोनियमला. मी ही कॅसेट काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणली तेव्हा (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, अजून त्या कोपऱ्यावरून जाताना पाय अडखळतो) अण्णांनी पहिले काही स्वर ऐकले आणि हातातली सुपारी खाली ठेवली. "हे आमचंय," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाणं मागच्या रांगेला मिळालं होतं.

तो लेहरा असा मोजायचा. तीन-तीन मात्रांचे आठ गट, म्हणजे चोवीस मात्रा. आपल्या बोटांना तीन-तीन पेरं असतात. अंगठ्याने पेरं मोजत जा: एक बोट म्हणजे एक गट. एका हाताची चार बोटं, दुसऱ्याची चार, आवर्तन पुरं. पुन्हा पहिल्या बोटावर या. आता वर काय काय चाललंय ते कानावर पडू द्या, पण अंगठा थांबू देऊ नका. ट्रॉम्बोन येतील, क्लॅरिनेट धावतील, मध्येच सगळं एकदम हलकं होईल, लेहरा वरच्या वाद्यांकडे जाईल, तुम्हाला वाटेल हरवला. हरवलेला नसतो. अंगठ्याला विचारा. लेडीज डब्यात मी अशी पेरं मोजत बसले की शेजारच्या बाई थोडं सरकून बसतात, त्यांना वाटतं जप चाललाय. मी गैरसमज दूर करत नाही, जागा मिळते.

मध्यावर एक गंमत आहे. लेहऱ्याचे पहिले तीन स्वर आपल्या भाषेत सा, रे आणि एकदम वर धैवत. होल्स्ट मध्येच तो लेहरा उलटा करतो: जिथे वर चढायचं तिथे खाली उतरतो. आरशात बघितल्यासारखं. तिथे रंग काळवंडतो, पावसाचं आभाळ येतं. मला हे समजायला पाच-सहा वेळा ऐकावं लागलं, तुम्हालाही लागेल, आणि समजलं की भाच्यासारखं "अरेच्चा" असं तोंडातून जाईल. पुढचे दोन्ही भाग, इंटरमेझो आणि मार्च, याच तीन स्वरांच्या बीजातून निघालेत. म्हणून तिन्ही भाग मध्ये न थांबता वाजवावेत अशी होल्स्टची इच्छा होती. मार्चमध्ये दोन चाली आहेत, एक ताठ आणि एक लांब श्वासाची, आणि शेवटाकडे दोन्ही एकमेकींवर चढून एकत्र चालतात. तिथे कान दोन चालींत फाटतो. फाटू द्या. मग परत ऐका आणि या वेळी फक्त खालची धरा.

"यात गाणं कुठंय" याचं पहिलं उत्तर भाच्याला इथे मिळालं. गाणं आहे, पण ते छपरावर नाही, पायात आहे.

तिसरी गोष्ट ही की रचनेला प्रेरणा कुठून मिळाली हे माहीत असणं बरं, पण ते कधी वाचायचं हे ठरवावं लागतं. माझा नियम असा: पहिल्यांदा काहीही न वाचता ऐकायचं. मग कार्यक्रमपत्रिकेतली टीप वाचायची. मग परत ऐकायचं. आधीच वाचलं तर आपण संगीत ऐकत नाही, टीप बरोबर आहे का ते तपासत बसतो. "आता कोळी गाणं म्हणतोय, आता वादळ आलं." परीक्षेतल्या गाईडसारखं. या नियमाला एक अपवाद आहे, तो पुढे.

बँडच्या पुष्कळशा रचनांमागची प्रेरणा म्हणजे उधार घेतलेलं लोकगीत. होल्स्टचाच दुसरा सुइट (१९११) तसा आहे, त्यात लोहाराचं गाणं आहे आणि खरी ऐरण वाजते. वॉन विल्यम्सचा १९२३ चा लोकगीतांचा सुइट तसाच. छान आहे, सोपा आहे, ऐका आणि पुढे चला. जिथे मुक्काम ठोकायचा ते पर्सी ग्रेंजरचं 'लिंकनशर पोझी'.

ग्रेंजर मूळचा ऑस्ट्रेलियातला, मेलबर्नचा. १९०५-०६ च्या सुमारास तो इंग्लंडच्या लिंकनशर भागात खेडोपाडी फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गाणी गोळा करत होता. १९०६ मध्ये त्याने मेणाच्या नळकांड्यांवर आवाज धरणारा फोनोग्राफ बरोबर नेला. म्हणून त्याच्या कानाला जे लागलं ते कागदावर गाणी उतरवणाऱ्या बाकीच्यांना लागलं नव्हतं: गाणारा प्रत्येक कडव्यात चाल किंचित बदलतो, मध्येच एखादी मात्रा खातो, कुठे श्वासासाठी थांबतो. बाकीच्यांनी ते चुका म्हणून सरळ केलं. ग्रेंजर म्हणाला, हेच तर गाणं. तीस वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याने अशी सहा गाणी बँडसाठी लिहिली आणि ती त्या गाणाऱ्यांनाच अर्पण केली. प्रत्येक तुकडा म्हणजे एकेका गायकाचं चित्र, गळ्यातल्या खरखरीसकट. त्याच वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेतल्या मिल्वॉकीला पहिला कार्यक्रम झाला तेव्हा वादकांना सगळे सहा तुकडे झेपलेच नाहीत, काही वगळावे लागले.

आपल्याला मात्र झेपतात, कारण आपल्याला याची सवय आहे. माझी आजी जात्यावर ओवी म्हणायची तेव्हा जातं अडलं की ओवी लांबायची. दाणे संपले की शेवटचा शब्द घाईत. ते नोटेशनमध्ये लिहायला बसलात तर वेड लागेल. 'लिंकनशर पोझी'तलं 'लॉर्ड मेलबर्न' ऐकताना पेरं मोजणं बंद करा. सुरुवातीला ताल मोकळा सोडलाय, कंडक्टर हाताला येईल तसं लांबवतो. शाहीर पोवाड्यात एखादी ओळ फेकून मग ताणतो, डफ थांबलेला असतो, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असतात, तसं ऐका. 'रफर्ड पार्क पोचर्स' हे चोरून शिकार करणाऱ्यांचं गाणं. ते ग्रेंजरला जोसेफ टेलर नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गाऊन दिलं, आणि टेलरचा आवाज आजही इंटरनेटवर ऐकायला मिळतो. इथे मी नियम थोडा वाकवते: आधी बँड, मग टेलर, मग पुन्हा बँड. त्या म्हाताऱ्याच्या गळ्यातली बारीक मुरकी नंतर बँडमध्ये सापडते तेव्हा जुन्या फोटोत आजीचं नाक आपल्याच पोरीच्या तोंडावर दिसावं तसं होतं. 'हॉर्कस्टो ग्रेंज' शांत आहे, दाट आहे, मधला ट्रंपेटचा एकल भाग सगळ्यांना आवडतो. तुम्ही मात्र त्याच्या खाली काय चाललंय तिकडे जा. आणि शेवटचं 'द लॉस्ट लेडी फाउंड' नुसतं नाचायला.

दुसरं मुक्कामाचं ठिकाण आल्फ्रेड रीडचे 'आर्मेनियन डान्सेस', त्यातला पहिला भाग. यामागे कोमितास हा आर्मेनियन पाद्री आहे. गावोगावची हजारो गाणी त्याने टिपून ठेवली. १९१५ मध्ये, तुर्की साम्राज्यात आर्मेनियन लोकांची कत्तल सुरू झाली तेव्हा, त्याला इतर आर्मेनियन विचारवंतांबरोबर पकडून नेलं. तो जिवंत परतला, पण मनाने मोडला, तो कायमचा. १९३५ मध्ये पॅरिसला वारला. रीडने त्याच्या संग्रहातली पाच गाणी घेतली: जर्दाळूचं झाड, तितराचं गाणं, नाझन नावाच्या मुलीसाठीचं, अलाग्याझ डोंगराचं, आणि शेवटी "जा, जा" म्हणणारं धावतं. पहिला कार्यक्रम १९७३ च्या जानेवारीत झाला. एवढ्या आनंदी संगीतामागे एवढी राख आहे हे मला फार उशिरा कळलं. म्हणूनही मी टीप नंतर वाचायला सांगते. आधी कळलं असतं तर तितराची लुटुलुटु चाल ऐकून मी हसले नसते, आणि तिथे हसायलाच हवं.

नाझनच्या गाण्याला पाच मात्रा आहेत. पाश्चात्त्य श्रोते तिथे ठेका धरताना गडबडतात. आपल्याला झपताल माहीत आहे: धी ना, धी धी ना. त्याचं अर्धं आवर्तन धरून बघा. विभागणी उलटी वाटली तर तीन-दोन करा. एकदा पकडलं की मान आपोआप हलते, लोकलमध्ये जरा आवरून.

दारियुस मियो या फ्रेंच संगीतकाराच्या 'स्वीत फ्रांसेज'बद्दल दोन वाक्यं पुरेत. फ्रान्सच्या पाच प्रांतांची लोकगीतं, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत बसून लिहिलेली, ज्या मातीत तिथल्या मुलांचे बाप-भाऊ लढले तिथले सूर त्या मुलांच्या बँडना वाजवता यावेत म्हणून. हेतू ऐकून डोळे भरतात, संगीत मात्र ऊन पडल्यासारखं आहे.

प्रेरणा गाणं नसून जागा असेल, तर ऐकण्याची तऱ्हा बदलते. पुन्हा होल्स्ट: 'हॅमरस्मिथ', १९३०. हॅमरस्मिथ हे लंडनमधलं थेम्सकाठचं गजबजलेलं ठिकाण, तिथल्या मुलींच्या शाळेत तो वर्षानुवर्षं शिकवत होता. रचना सुरू होते ती तळातून, संथ, एकाच चालीने वाहणारी, कोणाकडे लक्ष नसलेली नदी. मग वर बाजार उसळतो, गर्दी, ओरडा, हसणं. नदीला त्याचं काही नाही. शेवटी बाजार विरतो आणि ती तशीच वाहत असते. माझी सूचना अशी: हे माहीम आणि बांद्र्याच्या मध्ये गाडी मिठी नदीवरून जाते तेव्हा ऐका. डब्यात दादरला चढलेल्यांची झुंबड, कोणाची डबे उघडायची घाई, कोणाचं फोनवर भांडण, आणि खाली ते पाणी. वास येतो म्हणून सगळे नाकाला रुमाल लावतात, बघत कोणीच नाही. मी या रचनेला वर्षभर कंटाळवाणी म्हणत होते. एका संध्याकाळी गाडी त्या पुलावर सिग्नलला थांबली आणि माझं मत बदललं.

आता तो अपवाद. कारेल हुसा, 'म्युझिक फॉर प्राग १९६८'. हुसा प्रागचा, पण अमेरिकेत स्थायिक. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे त्याच्या शहरात शिरले आणि तो हजारो मैलांवर, तळ्याकाठच्या घरी, रेडिओवर बातम्या ऐकत होता. त्याने जे लिहिलं त्याच्या नोटेशनमध्येच सूचना आहे की माझी टीप पत्रिकेत पूर्ण छापा, नाहीतर श्रोत्यांना वाचून दाखवा. लिहिणाराच सांगतोय म्हटल्यावर माझा नियम गेला खुंटीवर. वाचून मगच ऐका.

टिपेतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पंधराव्या शतकातलं, हुसाइट या चेक पंथाच्या लढवय्यांचं स्तोत्र, चेक लोकांसाठी प्रतिकाराची खूण. सुरुवातीला ते टिंपनीवर, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांवर, इतकं हळू येतं की फोनच्या स्पीकरवर ते नसतंच. दोन, घंटा: प्राग शेकडो मनोऱ्यांचं शहर, आणि त्या घंटा विजयाच्या तशा धोक्याच्याही. तीन, पक्षी. अगदी सुरुवातीला पिकोलोवर, सगळ्यात बारीक बासरीवर, एक पक्षी बोलतो. स्वातंत्र्याची खूण. खाली नगारा, वर पक्षी, मधे काहीही नाही.

ही रचना वीसेक मिनिटांची आहे आणि ती आवडण्यासाठी लिहिलेली नाही. कर्कश आहे, मधला एक भाग तर फक्त तालवाद्यांचा, टक टक आणि घंटा. जेवताना लावू नका. पण शेवटाकडे ते स्तोत्र सगळा बँड एका आवाजात म्हणू लागतो, पूर्ण मात्र कधीच होत नाही. १९९० मध्ये, कम्युनिस्ट राजवट पडल्यावर, हुसाने स्वतः प्रागला जाऊन तिचं संचालन केलं.

कथा-कादंबऱ्यांवरच्या रचनाही भरपूर आहेत. योहान डे मेय या डच संगीतकाराची पहिली सिम्फनी (१९८८) टोल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर बेतलेली आहे, पाच भागांची, त्यात गॉलम म्हणजे सरपटणारा, कुरकुरणारा सोप्रानो सॅक्सोफोन. तरुण पोरांना हेच आधी ऐकवा, ती लगेच आत येतात. माझं खासगी मत: चित्र फार स्पष्ट असलं की तिसऱ्या वेळेला पुरत नाही. भाचा म्हणतो मी म्हातारी झाले. जोसेफ श्वांटनरच्या १९७७ च्या एका रचनेत काही वादक हातातली वाद्यं ठेवून पाण्याने सुरात लावलेल्या काचेच्या पेल्यांच्या कडांवरून बोटं फिरवतात. जलतरंग माहीत असलेल्याला ते ऐकून मजा येईल, तिथे काठीने मारतात, इथे घासतात.

शेवटी प्रत्यक्ष ऐकण्याबद्दल, कारण इअरफोन कितीही चांगले असले तरी ट्यूबा छातीत ऐकायचा असतो. मुंबईत विंड बँडच्या मैफली मोजक्याच. चार डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास गेटवेला नौदलाचा बँड वाजतो, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातही त्यांचे कार्यक्रम होतात, त्यावर डोळा ठेवा. २६ जानेवारीला शिवाजी पार्कच्या संचलनात बँड चालत वाजवतात, ते वेगळं कौशल्य. एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया (२००६ पासूनचा) ऐकायला गेलात तर पुढची महाग खुर्ची घेऊ नका. वरची घ्या. पुढून फक्त व्हायोलिनवाल्यांचे कोपर दिसतात, वरून मागच्या रांगा दिसतात: कोण केव्हा श्वास घेतं, कोण पन्नास मात्रा मोजत नुसतं बसलंय.

टाळ्यांचं एक. मी एकदा होल्स्टचा शकॉन संपल्याबरोबर, एकटीने, भर सभागृहात, कडाडून टाळी दिली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मान वळवून असे बघू लागले की जणू मी त्यांच्या चहात बुडवून बिस्किट खाल्लं. कंडक्टर वळून तुमच्याकडे तोंड करेपर्यंत हात मांडीवर ठेवा.

आणि हे सगळं जमेपर्यंत सरावाला वरात आहेच, फुकट. नाचणाऱ्यांच्या बाजूला उभे राहू नका, बँडच्या मागे जा. दिवे धरणाऱ्यांच्या पलीकडे. तिथून गाणं पाठमोरं ऐकू येतं आणि ज्यांच्यावर कोणी नोटा ओवाळत नाही ते समोर असतात. अशा बँडवाल्यांना जेवण पंगत उठल्यावर देतात, हेही तिथूनच दिसतं.

अण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. वयानुसार कान जातात ते वरून, बारीक आवाज आधी. दाराची बेल ऐकू येत नाही, खालून जाणारा ट्रक येतो. रविवारी भावाच्या स्पीकरवर हुसा लावला की नगारा त्यांना पहिल्या ठोक्यापासून कळतो, हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर हलायला लागतात. पिकोलो मात्र त्यांच्यासाठी नसतोच. म्हणून पक्षी बोलला की मी एक बोट वर करते.

"आला?"

"आला."

"बरं," म्हणतात, आणि परत डोळे मिटून नगाऱ्याकडे जातात.